जिनिंगवरचा फोन: चार्जिंग हाताळावं लागतंय, आणि 30 टक्के असताना बंद पडायलाय

काटा_सेलू

रामराम मंडळी. मी सेलूजवळच्या एका कापसाच्या जिनिंगवर वजनकाट्याला आहे. सीझन जोरात चालूय, गाड्यांची रांग गेटाबाहेर गेलेली असते. भावाचे मेसेज, व्यापाऱ्यांचे फोन, शेतकऱ्यांच्या पावत्यांचे फोटो आणि शेतातली मोटर कॉलवर चालू करणारा मोबाईल स्टार्टर, सगळं ह्याच एका फोनवर. फोन अडला की मी अडलो.

फोन चार वर्षांचा. बॅटरी 5000 एमएएचची, पिन टाईप सी, सोबत आलेला चार्जर 18 वॅटचा. तक्रारी दोन हायेत. त्यांचा एकमेकींशी काही संबंध हाय का नाही, तेच कळंना.

पहिली अशी की चार्जिंगला लावला की लागतो, जरा धक्का लागला की सुटतो. पिन एका अंगाला दाबून, खाली पावतीबुक टेकवून ठेवलं तरच चालतंय. पूर्वी दोन-अडीच तासांत भरायचा. आता रात्री लावला तर सकाळी 60-65 वर असतो. पिन उलटी करून लावली तर बहुतेक वेळा घेतच नाही.

दुसरी तक्रार रात्रीची. घरी दोन एकर हरभरा हाय आणि आमच्या फिडरला सध्या रात्रीची लाईट हाय, त्यामुळं दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, रात्रीच जावं लागतंय. फोनवर 30-32 टक्के दिसत असतंय. टॉर्च लावली, स्टार्टरला कॉल केला, की फोन एकदम काळा. परत चालू केला तर 4 टक्के दाखवतंय, नाहीतर चालूच व्हायना. घरी येऊन चुलीपुढं बसलो आणि चालू केला की 22 टक्के! हे काय गौडबंगाल हाय? मधल्या वेळात अंधारात बांधावर उभं राहायचं, पायाखाली काय हाय दिसंना आणि मोटर चालू झाली का तेबी कळंना.

गावातला एक जण म्हणतो लाईटीचं व्होल्टेज कमी-जास्त व्हायलंय, त्यानं चार्जर गेला. दुसरा म्हणतो बॅटरी गेली. तिसरा थेट मदरबोर्डच म्हणायलाय. नवा फोन आत्ता जमणार नाही. कुठून सुरुवात करू?


अपडेट_मारा_भाऊ

चार वर्षं झाली म्हणजे फोन म्हातारा झाला दादा. 30 वरनं बंद पडणं हा सॉफ्टवेअरचा घोळ असतो, फॅक्टरी रिसेट मारून बघा. पिनमध्ये ओल गेली असंल तर रात्रभर तांदळाच्या डब्यात ठेवा. नाहीच झालं तर बॅटरी बदला.


गाळा_नंबर_नाही

मानवतला स्टँडामागं माझं मोबाईल रिपेअरिंग आहे. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत तुमच्यासारखे फोन रांगेनं येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वरच्या सल्ल्याचं. रिसेट मारू नका. पावत्यांचे फोटो जातील आणि फोन होता तिथंच राहील. आणि तांदळाचं ज्यानं कुणी काढलं त्याला एकदा माझ्या टेबलावर बसवायचंय. तांदळाचं पीठ जॅकच्या, म्हणजे चार्जिंगच्या भोकाच्या, आत जाऊन बसतं आणि ओल असली की तिथंच चिकटतं. ॲपलनंसुद्धा आपल्या मदतीच्या पानावर ओला आयफोन तांदळात ठेवू नका असं स्पष्ट लिहिलंय.

तुमच्या दोन तक्रारी मला वेगवेगळ्या दिसतात. एक जॅकची, एक बॅटरीची. गिऱ्हाईक दोन्हींची एकच मोट बांधून आणतं, दुकानदार बॅटरी बदलून देतो, आणि चार दिवसांनी तीच पिन परत दाबून धरावी लागते. म्हणून आज फक्त जॅकचं बघू. बॅटरीला हात लावायचा नाही.

पिन सुलटी लावली तर घेतो, उलटी लावली तर घेत नाही, हे तुम्ही लिहिलंत ते फार कामाचं आहे. टाईप सीच्या जॅकमध्ये मधोमध एक पातळ जीभ असते. तिच्या दोन्ही अंगांना मिळून 24 बारीक कॉन्टॅक्ट. त्यातले चार करंट आत नेतात, चार परतीचे असतात, आणि दोन्ही अंगांना एकेक सीसी नावाचा कॉन्टॅक्ट असतो. चार्जर जोडलाय की नाही आणि पिन कुठल्या बाजूनं घातलीय हे फोनला त्याच्यावरनं कळतं. केबलच्या पिनमध्ये सीसीचा कामाचा कॉन्टॅक्ट एकच असतो. म्हणजे पिन सुलटी असताना एका अंगाचा सीसी कामाला येतो, उलटी केली की दुसऱ्या अंगाचा. एका बाजूनं चालतं आणि दुसऱ्या बाजूनं चालत नाही म्हटल्यावर चार्जर आणि बॅटरी दोघंही या गुन्ह्यातून सुटले. त्या एका अंगावर घाण आहे, गंज आहे, नाहीतर कॉन्टॅक्ट वाकलाय.

आणि तुम्ही जिनिंगवर आहात! जिनिंगवरच्या माणसाचा फोन आला की मी बाकी काही विचारत नाही, आधी जॅकमध्ये टॉर्च मारून बघतो. रुईचे बारीक तंतू हवेत तरंगत असतात. भुवयांवर बसतात, खिशाच्या तळाशी साठतात, तसे जॅकमध्येही जातात. दर वेळी पिन घातली की ते मागच्या भिंतीवर दाबले जातात. सीझनभरात त्याची नमद्यासारखी घट्ट वडी होते. बाहेरून बघितलं तर जॅक स्वच्छ दिसतो, कारण वडी तळाशी करड्या रंगाची आणि एकदम सपाट बसलेली असते, ती जॅकचाच भाग वाटते. पिन मात्र पूर्ण आत जात नाही. जेमतेम मिलिमीटरभर बाहेर राहते, पण तेवढंच पुरतं. ओळखायचं कसं? तीच केबल घरातल्या दुसऱ्या टाईप सी फोनला लावा. तिथं टक्कन बसते आणि पिनचं लोखंड बाहेर दिसत नाही. तुमच्या फोनला लावल्यावर लोखंडाची चकाकती रेघ बाहेर दिसत असेल तर वडी आहेच.

काढायची अशी. फोन बंद करा, नुसती स्क्रीन नाही, फोनच. लाकडी टूथपिक घ्या आणि ब्लेडनं तिचं टोक चपटं आणि पातळ करा. जीभ आणि बाहेरची भिंत यांच्या मधल्या फटीतून, भिंतीला धरून, तळापर्यंत घाला आणि उचकटून बाहेर ओढा. दोन्ही अंगांनी. जिभेवर जोर द्यायचा नाही, ती मोडली की जॅक गेला. सेफ्टी पिन, सुई, कानातल्याची तार यातलं काही घालू नका. फोन बंद असला तरी बॅटरी आत जोडलेलीच असते, शिवाय धातूनं कॉन्टॅक्टवरचा सोन्याचा मुलामा खरवडला जातो आणि पुढच्या पावसाळ्यात तिथंच गंज धरतो. तोंडानं फुंकर नको, थुंकीची ओल जाते. आणि तुमच्याकडं असतोच म्हणून सांगतो, जिनिंगच्या कॉम्प्रेसरची हवा अजिबात मारू नका. त्या हवेत पाणी असतं, तेल असतं, आणि शेजारच्या माइकचा पडदा त्या दाबानं फाटतो.

झालं की एक आकडा घेऊन या. बॅटरीत किती मिलिअँपिअर जातोय ते दाखवणारी फुकट ॲप्स प्ले स्टोअरवर आहेत. बॅटरी 30 ते 60 टक्क्यांच्या मध्ये असताना, स्क्रीनचा उजेड कमी ठेवून, पिन दोन्ही बाजूंनी लावून बघा. घरात जेवढ्या केबली असतील तेवढ्या लावून बघा, पण चार्जर तोच ठेवा. एका वेळी एकच वस्तू बदलायची. दोन बदलल्या तर गुण कशाचा आला ते कळत नाही.


तिसरा_फेज

अहमदपूरकडं वायरमनचं काम करतो. व्होल्टेजचा विषय निघालाच हाय तर बोलतो, कारण दर ठिकाणी लाईटीच्याच नावानं बिल फाटतंय.

चार्जरच्या अंगावरची बारीक अक्षरं वाचा. इनपुट 100-240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ. म्हणजे संध्याकाळी सगळ्या गावाच्या मोटरी चालू झाल्या, लाईट 160 वर आली, पंखा रडायला लागला, तरी चार्जर बाहेर तेवढेच 5 नाहीतर 9 व्होल्ट काढून देतो. कमी व्होल्टेजनं चार्जर मरत नसतो. मरतो तो जास्तीनं. डीपीचं, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरचं, न्यूट्रल तुटलं की एका घरात 100 व्होल्ट आणि शेजारच्या घरात साडेतीनशे, असा प्रकार होतो. बल्ब एकदम पांढरा पडला, पंखा सुसाट सुटला, की पहिलं मेन स्विच पाडा, मग वायरमनला फोन लावा.

दुसरा प्रकार विहिरीवरचा. काटावाले दादा, तुम्ही करता असं म्हणत नाही, पण रात्री दारं धरणारे लई जण करतात. स्टार्टरच्या पेटीत तीन फेज असतात. न्यूट्रल बऱ्याच ठिकाणी नसतंच. मग कुणीतरी दोन फेजवर दोन तारा अडकवून बोर्ड काढतो आणि चार्जर लावतो. दोन फेजमधलं व्होल्टेज 415 असतंय! चार्जरच्या आत एसीचं डीसी होतं तेव्हा 230 चं शिखर 325 व्होल्टला जातं, 415 चं जातं 587 ला. आतला मोठा कपॅसिटर बहुतेक 400 व्होल्टचा असतो. फटाका होतो. फेज आणि जमिनीतली सळई असा जुगाडबी करतात, त्यात चार्जर वाचंल पण ओल्या चिखलात उभा असलेला माणूस वाचंल का सांगता येत नाही.

लाईट गेली की चार्जरची पिन काढून ठेवायची, आल्यावर थोडं थांबून लावायची. एवढं केलं तरी पुष्कळ.


अंबाजोगाईकरीण

मध्येच घुसते, माफ करा. आमच्याकडं लाईट गेली की इन्व्हर्टरवर फोन लावते. तेव्हा टच आपोआप नाचतो. टाईप करताना भलतीच अक्षरं उमटतात, एकदा तर मैत्रिणीला तीन वेळा कॉल गेला. आणि फोनच्या कडेच्या धातूला हात लागला की झिणझिण्या येतात, अनवाणी असले की जास्तच. लाईटीवर एवढं होत नाही. हे धोक्याचं आहे का?


गाळा_नंबर_नाही

ताई, दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंग नसतं. आत लाईटीची बाजू आणि फोनची बाजू यांच्यामध्ये वाय कपॅसिटर म्हणून एक लहान भाग असतो, त्यातून अगदी क्षुल्लक करंट पलीकडं झिरपतो. अनवाणी पाय फरशीवर असले की तो तुमच्यातून जमिनीत जातो, त्या झिणझिण्या. टच बोटाच्या विजेवरच चालतो, त्यामुळं त्यात ही गडबड मिसळली की त्याला नसलेली बोटं दिसायला लागतात. स्वस्तातला इन्व्हर्टर गुळगुळीत लाट देत नाही, चौकोनी देतो, म्हणून तिथं जास्त.

फोनसोबत आलेला चार्जर असेल तर चप्पल घाला आणि विसरा. रस्त्यावर घेतलेला बिननावाचा असेल तर मात्र फेकून द्या. तसल्या चार्जरमध्ये लाईटीची बाजू आणि फोनची बाजू यांच्यात पुरेसं अंतरच ठेवलेलं नसतं. चांगल्या चार्जरवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, आयएस 13252 आणि आरनं सुरू होणारा आठ आकडी नंबर असतो. बीआयएस केअर ॲपमध्ये तो नंबर टाकला की कोणत्या कंपनीला दिलाय ते दिसतं. चार्जरवर एक नाव आणि ॲपमध्ये दुसरंच निघालं तर समजून जा.


काटा_सेलू

गाळेवाले दादा, काय सांगू! टूथपिकला पहिल्यांदा काहीच लागंना. मला वाटलं जॅक साफच हाय. मग फटीतनं तळाला घातली आणि उचकटली, तर बारीक डाळीएवढी करडी वडी निघाली. उलगडली तर आत रुई, मातीचे कण आणि सरकीच्या टरफलाचा काळा तुकडा. दुसऱ्या अंगानं अजून निघाली. आता पिन टक्कन बसतीय आणि दोन्ही बाजूंनी घेतीय. पावतीबुक मोकळं झालं.

आकडे असे. साफ करायच्या आधी पिन दाबून धरली तेव्हा 350 च्या आसपास नाचत होतं. साफ केल्यावर त्याच केबलीनं 1100. ही केबल आठवडी बाजारातली हाय. चार्जरसोबतची केबल बायकोच्या फोनला होती, ती लावली तर 3100. चार्जर तोच. एवढा फरक केबलीचा कसा काय?

तुम्ही म्हणालात तसला गंज, काळं-हिरवं काही दिसत नाही. एका कॉन्टॅक्टवर थोडा चॉकलेटी डाग हाय.


गाळा_नंबर_नाही

चॉकलेटी डागाला आत्ता काही करू नका. सीझन संपल्यावर इकडं आलात तर आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसून देतो. कापूस ओल धरतो, त्यात दहिवराचं पाणी, त्यात चार्जिंगचं व्होल्टेज, म्हणून कॉन्टॅक्ट खाल्ले जातात. तुम्ही वेळेत काढलं. आता सीझनभर दर रविवारी टूथपिक फिरवायची आणि काट्यावर असताना फोन जॅक खाली करून शर्टात ठेवायचा नाही, वर करून ठेवायचा. खिशाच्या तळाशी रुई साठलेली असते. रबरी बूच मिळतं जॅकचं, पाच-दहा रुपयांत, तेही चांगलं.

केबलीचं गणित सांगतो, कारण इथं लोक सगळ्यात जास्त फसतात. बाजारातली केबल बाहेरून जाड आणि आत केसासारखी तार. 28 गेजची (गेजचा आकडा मोठा तेवढी तार बारीक) तांब्याची तार असेल तर मीटरला 0.21 ओहम रोध. करंट जातो आणि परत येतो, म्हणजे मीटरभर केबलीत 0.43 ओहम. 2 अँपिअर काढायला गेलात तर त्यातच 0.85 व्होल्ट खर्ची पडतात. चार्जरमधून 5 निघाले, फोनला 4.15 मिळाले. एवढ्यात बॅटरी भरणारच नाही, म्हणून फोन स्वतःहून करंट कमी करत करत सोसेल तिथं थांबतो. 24 गेजची तार असेल तर तेवढ्याच करंटला 0.34 व्होल्ट जातात. बरं, हे सगळं तार तांब्याची आहे असं धरून. त्या केबलींत तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तारही सापडते.

त्यात तुमचा चार्जर 18 वॅटचा, म्हणजे 9 व्होल्टला 2 अँपिअर. पण चार्जर आपणहून 9 वर जात नाही, फोननं तसं मागावं लागतं. हे मागणं बऱ्याच फोनांत केबलीतल्या डेटाच्या दोन तारांवरून होतं. स्वस्त केबलीत त्या तारा घालतच नाहीत, फक्त लाल आणि काळी. फोन ओरडतो, चार्जरला ऐकू जात नाही, आणि सगळा कारभार 5 व्होल्टवर चालतो. तपासायचं असेल तर ती केबल कॉम्प्युटरला लावा. फोनमधले फोटो दिसत नसतील तर डेटाच्या तारा नाहीत.

3100 म्हणजे तुमचा चार्जर, जॅक, आतली चार्जिंग पट्टी, सगळं उत्तम. 80 टक्क्यांच्या पुढं हा आकडा आपोआप उतरत जाईल, त्याला घाबरू नका, तसंच असतं.

आता रात्रीचा प्रकार, म्हणजे खरी बॅटरीची तक्रार.

टक्के हा मोजलेला आकडा नसतो, फोननं बांधलेला अंदाज असतो. बॅटरीत साठा उरला आहे हे खरं, पण तो एकदम बाहेर काढता येत नाही, हे तुमचं दुखणं आहे. लिथियम बॅटरी जुनी होते तशी तिच्या आतला रोध वाढत जातो. समजा तो 0.3 ओहम झालाय आणि बॅटरी 3.7 व्होल्टवर आहे. फोन नुसता खिशात असेल तर काही नाही. पण टॉर्च लागली, स्क्रीन पेटली, कॉल लागला आणि सगळ्यांनी मिळून क्षणभर 2 अँपिअर ओढले, की 0.6 व्होल्ट आतच खर्ची पडतात. बाहेर 3.1 उरतात. एवढ्यावर फोन चालत नाही, तो झटक्यात बंद होतो.

वरनं थंडी. परभणीची डिसेंबरातली थंडी तुम्हाला मी काय सांगणार. गारठ्यात बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते आणि रोध अजून चढतो. म्हणून दिवसा काट्यावर 20 टक्क्यांवरही चालणारा फोन रात्री पाटावर 30 ला मरतो. घरी आल्यावर बॅटरी ऊब धरते, ओढ थांबलेली असते, व्होल्टेज परत वर येतं आणि फोनला 22 टक्के दिसतात. गौडबंगाल म्हणालात ते एवढंच.

रेंजचाही हात आहे. विहिरीवर रेंजची एकच काडी असेल तर फोन टॉवरपर्यंत पोचायला पूर्ण जोर लावतो. 4जी वर हा जोर जास्तीत जास्त 0.2 वॅटचा, पण कॉल 2जी वर उतरला तर एकेका ठोक्याला 2 वॅटपर्यंत जातो. तुमचा फोन कॉल लावल्याबरोबर बंद पडतो तो याच क्षणी. सेटिंगमध्ये व्होएलटीई, म्हणजे कॉल 4जी वरूनच लावायची सोय, चालू आहे का तेवढं बघून घ्या.

चुलीपुढं फोन शेकायचा नाही, हे मात्र बजावून सांगतो. थंडीनं बॅटरी तात्पुरती आळशी होते. उष्णतेनं कायमची खराब होते.

एक खात्री करा. घरात, उबेत, 30 टक्के असताना टॉर्च लावा, उजेड पूर्ण करा आणि व्हिडिओ कॉल लावा. तिथंही बंद पडला तर बॅटरी नक्की. आणि फोन काचेवर पालथा ठेवून कोपरे हळूच दाबा. डुलत असेल किंवा कडेनं पडदा उचलल्यासारखा दिसत असेल तर बॅटरी फुगलीय. मग चार्जिंगला लावूच नका, दाबून बसवू नका, थेट घेऊन या.


काटा_सेलू

घरातबी बंद पडला, पण लगेच नाही, व्हिडिओ कॉल चालू झाल्यावर जरा वेळानं. फुगलेली दिसत नाही, काचेवर सपाट बसतोय. व्होएलटीई बंदच होतं, चालू केलं.

म्हणजे बॅटरी बदलायचीच. पण पाणी आठवडाभर तरी हाय अजून, तोवर काय करू? आणि बॅटरी घेताना काय बघायचं? इथं एका दुकानात 'ओरिजिनल' म्हणून 6000 एमएएचची दाखवली, म्हणे तुमच्या फोनला बसती. अजून एक, नवी टाकल्यावर रात्रभर चार्जिंगला लावून ठेवायची का नाही? घरात सगळे वेगवेगळं सांगतात.


गाळा_नंबर_नाही

तोवर 60 च्या खाली फोन घेऊन शेतात जाऊ नका. वरच्या खिशात नको, बनियनच्या आतल्या खिशात ठेवा, अंगाची ऊब राहते. उजेडाला वेगळी टॉर्च न्या. फोनची टॉर्च विंचू शोधायला पुरतही नाही.

6000 ची बॅटरी दाखवणाऱ्याकडून काहीच घेऊ नका. जागा तेवढीच, जाडी तेवढीच, मग जास्तीचे 1000 एमएएच कुठं मावले? तुमच्या बॅटरीवर जो मॉडेल नंबर आहे तोच हवा. तिच्यावर चार्जिंगची मर्यादा छापलेली असते, 4.35, 4.4, 4.45 व्होल्ट अशी, ती जुनीशी जुळली पाहिजे. फोन 4.45 पर्यंत भरणारा आणि बॅटरी 4.35 ची, ही जोडी धोक्याची आहे. आयएस 16046 आणि आरचा नंबर बघा, ताईंना सांगितलं तसा ॲपमध्ये टाकून बघा. आणि दुकानदाराला मल्टीमीटर लावायला सांगा. नवी बॅटरी साधारण अर्धी भरलेली येते, 3.7-3.8 व्होल्ट दिसले पाहिजेत. 3 च्या खाली असेल तर ती गोडाऊनमध्ये पडून मेलेली आहे, फुकट दिली तरी नको.

रात्रभर लावल्यानं बॅटरी फुटत नाही, भरली की फोन स्वतः घेणं थांबवतो. पण 100 टक्क्यांवर आणि गरम, अशी तासन् तास पडून राहिली की लवकर म्हातारी होते. गोधडीखाली, उशीखाली ठेवून चार्जिंगला लावणं सगळ्यात वाईट. तुमच्या फोनात 80 ला थांबवायची सोय असेल तर घरी असताना ती वापरा. दारं धरायला जायचं त्या रात्री खुशाल 100 करा, फोन कामासाठीच घेतलाय. खरा त्रास एप्रिल-मेमध्ये. पत्र्याच्या खोलीत दुपारी 42-43 अंशांत चार्जिंगला लावलेला फोन 45 च्या पुढं सहज जातो, मग तो स्वतःच चार्जिंग कमी करतो किंवा थांबवतो. लोक म्हणतात चार्जर बिघडला. पहाटे लावा, किंवा माठाशेजारी गार फरशीवर ठेवा, कव्हर काढून.

जुनी बॅटरी घरी नेऊन पोरांच्या हातात देऊ नका, उकिरड्यावर नको आणि चुलीत तर नकोच. 2022 च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनी ती परत घ्यायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकलीय. दुकानात ठेवली तर आम्ही साठवून पुढं देतो.


काटा_सेलू

लई उपकार. रविवारी गाड्या कमी असतात, मानवतला येतो. पुढच्या सोमवारी परत रात्रपाळीची लाईट हाय, तोवर झालं पाहिजे. बसवायला किती वेळ लागंल?


गाळा_नंबर_नाही

अर्धा-पाऊण तास, पण दुपारी बाराच्या आत या. पाठ गरम करून उचलावी लागते आणि परत चिकटवल्यावर तीन-चार तास रबरं लावून ठेवायची असतात, फोन मी संध्याकाळी देईन. येताना चार्जर आणि तीच केबल आणा, इथं मीटरवर लावून बघू. फोटो कार्डात नाहीतर घरच्या फोनमध्ये घेऊन ठेवा. नवी टाकल्यावर पहिले काही दिवस टक्के इकडंतिकडं उड्या मारतील, एकदा 100 पर्यंत भरून 10 पर्यंत वापरला की अंदाज जाग्यावर येतो. आणि कंपनीनं फोनला पाण्याचं जे काही रेटिंग दिलं होतं ते पाठ उघडली की गेलं असं धरा. मी चिकटवतो ती पाठ पक्की बसते, पण पाटात पडलेला फोन ती वाचवत नाही.